‘ॲप असताना बॉटनी कशाला?’ या मेसेजला उत्तर

बीएस्सीला वनस्पतिशास्त्र घेऊ की नको, या घोळात असताना तू मला तो सगळीकडे फिरणारा मेसेज पाठवलास. त्याचं म्हणणं असं: आपल्याकडची झाडंफुलं केव्हाच शोधून झाली, ओळखायला ॲप आहे, विषय म्हणजे लॅटिन नावांचं पाठांतर आणि शेवटी नोकरी नाहीच. रानफूल दिसलं की गाडी थांबवायला लावणारी तू, असलं काही वाचून विषय बदलावास हे मला अजिबात पटत नाही.

शोधून झाली? थिओडोर कुक या इंग्रजांच्या काळातल्या वनस्पती-अभ्यासकाने मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ 1908 पर्यंत पूर्ण केला. त्यानंतर शंभर वर्षं उलटली तरी त्याच सह्याद्रीत नव्या जाती सापडतातच आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले श्रीरंग यादव आणि त्यांचे विद्यार्थी यांनी कंदिलाच्या आकाराची फुलं येणाऱ्या कंदीलपुष्पांच्या नव्या जाती जगापुढे आणल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने गेंद या बारीक फुलांच्या रानवनस्पतीच्या दोन नव्या जाती नोंदवल्या, त्यातली एक सिंधुदुर्गातली.

आता ॲप. जास्वंद, घाणेरी, टाकळा ते झटकन सांगतं, जरूर वापर. पण गेंद घे. कासच्या पठारावर पांढऱ्या बटणांसारखा पसरलेला दिसतो तो. त्यातलं एकेक फूल इतकं बारीक की भिंगाशिवाय दिसत नाही, आणि जात ठरवायला पुष्कळदा बियांवरची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. मोबाइलच्या फोटोत ती येणार कुठून? शिवाय नाव कळलं म्हणजे फूल कळलं असं थोडंच आहे! कंदीलपुष्पाच्या नळीत आतल्या बाजूला वळलेले केस असतात. माशी आत शिरते, पण बाहेर पडू शकत नाही. केस कोमेजले की परागकण घेऊन सुटते. सीतेची आसवं ही रानफुलं दिसायला नाजूक, पण ओल्या मातीतल्या त्यांच्या इवल्या फुग्यांत सूक्ष्म जीव ओढले जातात. हे समजून घ्यायचं तर शिकावंच लागतं.

पाठांतराचं म्हणशील तर दारातली तुळस बघ. चौकोनी खोड, समोरासमोर पानं, ओठांसारखं फूल. हीच खूण पुदिन्यात, सब्जात, माळावरच्या दीपमाळेत सापडते. एकदा कुळ कळलं की अनोळखी झाडही निम्मं ओळखीचं होतं.

नोकऱ्या इंजिनिअरिंगइतक्या नाहीत, हे खरं. पण भारतीय वनस्पती सर्वेक्षण, बियाणे कंपन्या, औषधी वनस्पतींची शेती, प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल, या सगळ्यांना झाड अचूक ओळखणारा माणूस लागतो. 2002 च्या जैवविविधता कायद्यामुळे गावोगावी जैवविविधता नोंदवह्या करायच्या असतात, त्यांनाही लागतो. आपल्या घाटातल्या नरक्या नावाच्या झाडात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य असतं, ज्यापासून कर्करोगावरची औषधं बनतात. त्यापायी त्याची बेसुमार चोरटी तोड झाली. तोडलेल्या लाकडाच्या ढिगात नरक्या कोणता, हे सांगणारं कुणी वनखात्याच्या चौकीवर हवंच ना?

अर्जात वनस्पतिशास्त्र पहिल्या क्रमांकावर लिही. दहापट मोठं दाखवणारं भिंग मी आणून देते.