खोल्या नव्हेत, खण

नमस्कार. ‘कोरियन सरदारांची ९९ खोल्यांची घरं म्हणजे नुसता बडेजाव, इतक्या कडाक्याच्या थंडीत घराच्या मधोमध उघडी ओसरी कशाला? आणि जमिनीखालची चूल एक कोपरा भाजते, बाकी खोली गारच,’ असं तुम्ही लिहिलंत.

आधी आकडा. ते ९९ खण आहेत, खोल्या नव्हेत. चार खांबांमधली जागा म्हणजे एक ‘कान’, आपल्या वाड्यातल्या खणासारखाच. एकटी ओसरीच चार-सहा खण खाते. शिवाय जोसन राजघराण्याच्या काळच्या नियमात राणीच्या पोटच्या राजपुत्रालाही ६० खणांचीच मुभा होती, सामान्यांना १०. नियम पुष्कळदा मोडला जाई, ते वेगळं.

ओसरी, म्हणजे ‘देचॉंग’, ही उन्हाळ्याची जागा. हिवाळ्यात घर शेजारच्या तापवलेल्या खोल्यांत सरकतं. पुढचं अंगण मुद्दाम मोकळं, भरड वाळूचं ठेवतात. ते तापलं की तिथली हवा वर चढते आणि मागच्या झाडीतली गार हवा ओसरीच्या मागच्या खिडक्यांतून आत ओढली जाते. अंगणात हिरवळ लावली की ही ओढच मंदावते. दक्षिण कोरियातल्या नोन्सानला विद्वान युन जंग (१६२९–१७१४) यांच्या घरात तर कोठाराची इमारत मुद्दाम तिरकी बसवली आहे. घर आणि कोठार यांमधला बोळ दक्षिणेला रुंद, उत्तरेला अरुंद. दक्षिणेचा उन्हाळी वारा त्यात वेग धरतो, उत्तरेचा हिवाळी वारा आत शिरून पसरतो आणि मंदावतो. याला मी बडेजाव म्हणणार नाही.

चुलीचा तुमचा मुद्दा अर्धा खरा आहे. तिचा धूर जमिनीच्या फरशांखालून धुराड्याकडे जातो आणि जाताना फरशा तापवतो. आगीजवळची बाजू जास्त तापतेच, आणि तिथे घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवतात. पण गवंडी त्यावर इलाज करतो. चुलीकडे जाड फरशा खोल बसवून वर मातीचा जाड थर देतो. पलीकडच्या टोकाला पातळ फरशा उंच आणि माती कमी. वरून जमीन सपाटच दिसते. चुलीच्या तोंडामागे धुराच्या वाटेला एक चढ असतो, त्यामुळे राख आत जात नाही. धुराड्याआधी एक खोल खड्डा असतो, त्यात काजळी बसते आणि वरून उलटा येणारा वारा अडतो. हा खड्डा गाळला की धूर चुलीतूनच बाहेर येऊ लागतो.

खरा धोका भेगांचा. ओल्या मातीवर घाईने मोठा जाळ केला की ती तडकते, आणि भेगांतून कार्बन मोनॉक्साइड झोपलेल्या माणसांपर्यंत पोचतो. म्हणून मंद जाळावर माती हळूहळू वाळवायची, धूर कुठून झिरपतो ते पाहून त्या जागा लिंपायच्या, आणि मगच जमिनीवर तेल पाजलेला कागद चिकटवायचा. कागद आधी लावला तर भेग दिसतच नाही.