बुडबुडा नुसता फुटत नाही

अल्ट्रासॉनिक मशीनवरचा, म्हणजे ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी पाण्यात वस्तू साफ करणाऱ्या यंत्रावरचा, तुमचा लेख आवडला, पण त्यात "पाण्याच्या कंपनाने मळ सुटतो" एवढ्यावरच भागवलंय, ते पटलं नाही. खरी गंमत त्या कंपनाने पाण्यात तयार होणाऱ्या बुडबुड्यात आहे. मोकळ्या पाण्यात तो सगळीकडून सारखा आकसतो; त्याचं गणित ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ रॅले यांनी १९१७ सालीच मांडलं. पण शेजारी काच किंवा धातू असेल तर त्या बाजूने पाण्याला आत यायला वाव कमी. मग पलीकडची बाजू जोरात आत घुसते आणि बुडबुड्याच्या आरपार जाऊन पाण्याची बारीक धार थेट पृष्ठभागावर आदळते. वेग सेकंदाला १०० मीटरच्या आसपास!

सोलापुरात नवी पेठेत आमचं चष्म्याचं दुकान आहे. मशीन नीट चालतंय का हे बघायला मी ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात उभी धरतो. थोड्याच वेळात तिच्यावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात, तीही पट्ट्यापट्ट्यांनी. मशीनचं कंपन ४० किलोहर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ४० हजार वेळा; त्याला पाण्यातली अर्धी तरंगलांबी साधारण १८ मिमी, तेवढ्या अंतराने हे पट्टे येतात. नाकाच्या पॅडमागचा हिरवट चिकटा डोळ्यांदेखत सुटून येतो. "काका, अजून जरा ठेवा की," असं गिऱ्हाईक म्हणतं, पण काचेवरच्या कोटिंगला चीर असेल तर तिथूनच पापुद्रा उचलला जातो. टाकीच्या स्टीलच्या तळाला पडणारे खड्डेही याच बुडबुड्यांचे.

आणि उकळतं पाणी घालू नका. बुडबुड्यात वाफ भरली की आकसण्यातला जोरच जातो. ५०-६० अंश पुरे. आमच्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तसंही अर्धं तापूनच येतं.