मामा, तो थिनरचा डबा आधी बंद करा

काल मामांनी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, "उद्याच करतो." म्हणून हे घाईघाईत. मेसेज असा: गाडीची प्लास्टिकची काच पिवळी, धुरकट झाली की थिनरने पुसा, टूथपेस्टने घासा, वर तेलाचा हात फिरवा, पाच वर्षं उन्हापावसाची चिंता नाही.

थिनर आधी, कारण तिथेच खरं वाटोळं होतं. या काचा बहुतेक वेळा पॉलिकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या. घडवताना त्यात ताण अडकून राहिलेला असतो, कडेला आणि स्क्रूच्या भोकाशी जास्तच. थिनरमधलं अ‍ॅसिटोन, टोल्युइन तिथे शिरलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटतात. त्या घासून जात नाहीत, उलट पुढे तिथूनच तडा जातो. पिवळी का होईना, धड असलेली काच हातची जाते.

टूथपेस्टने चमक येते, हे नाइलाजाने मान्य. त्यातली भुकटी वरचा खराब थर खरवडते. पण त्यासोबत कारखान्यात दिलेला कडक लेपही जातो, आणि अतिनील किरण अडवणारं रसायन असतं ते त्या लेपात किंवा त्याखालच्या प्रायमरमध्ये, म्हणजे लेप चिकटवणाऱ्या थरात. दोन्ही मिळून मोजक्या मायक्रॉनचा थर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. हा थर गेला की उघडं पॉलिकार्बोनेट उन्हात पुन्हा पिवळं पडणार, तेही आधीपेक्षा लवकर.

"पाच वर्षं" कुठून आणली देव जाणे. वाहनांच्या काचांसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ४३ आहे. त्यातली हवामान-चाचणी वाचा: उन्हासारखा प्रखर उजेड देणाऱ्या झेनॉन दिव्याखाली १२० मिनिटांचं चक्र, १०२ मिनिटं कोरडा उजेड, १८ मिनिटं उजेडासोबत पाण्याचा फवारा, आणि हे एकूण ५०० मेगाज्यूल प्रति चौरस मीटर अतिनील मारा होईपर्यंत. एवढ्यानंतर बुडबुडे, दुधाळपणा, रंगबदल काहीही दिसता कामा नये. या कसोटीपुढे तेलाचा हात काय टिकणार!

तेलाबद्दल एवढंच: धूळ चिकटते आणि पुढच्या पुसण्यात तीच धूळ ओरखडे काढते.

लेप शाबूत असेल तर साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे, अमोनियावाला काचेचा स्प्रेसुद्धा नको. लेपाचे पापुद्रे निघत असतील तर तो पूर्ण उतरवून, पॉलिश करून, पॉलिकार्बोनेटसाठीचा अतिनीलरोधक क्लिअर कोट (पारदर्शक लेप) मारून घ्यावा लागतो. रेषा आत गेल्या असतील तर काच बदला.