‘७७७ मारा’ हा सल्ला ऐकू नका

सांगलीत कॉलेजच्या पोरांमध्ये एक सल्ला फिरतोय: “एका लॅपटॉपवर दोन लिनक्स आहेत? दोन्हीकडे युजरनेम एकच ठेवा, डेटाच्या फोल्डरला सीएचमॉड -आर ७७७ मारा, परमिशनची कटकट कायमची संपली. घरचाच लॅपटॉप, धोका कसला?” यातलं काहीच खरं नाही. सीएचमॉड -आर ७७७ म्हणजे फोल्डर आणि आतलं सगळं कुणालाही वाचायला, बदलायला आणि चालवायला खुलं करणारी कमांड.

आधी युजरनेम. ईएक्सटी४ (लिनक्सची डिस्कवर फायली ठेवायची पद्धत) डिस्कवर मालकाचं नाव लिहीतच नाही, त्याच्या खात्याचा नंबर लिहिते. नाव दिसतं ते त्या त्या सिस्टीमच्या पासवर्ड फाइलमधून, म्हणजे खात्यांच्या यादीतून. विश्रामबागेत माझ्या मामेबहिणीचं हेच झालं. तिचा एक लिनक्स उबुंटू; त्यावर पहिलं खातं मामांचं, म्हणून त्यांचा नंबर १०००, तिचा १००१. दुसरा लिनक्स फेडोरा तिने एकटीसाठी टाकला, तिथे तीच १०००. युजरनेम दोन्हीकडे तेच, तरी उबुंटूत लिहिलेला प्रोजेक्ट रिपोर्ट फेडोरात सेव्ह होईना. फायलींची यादी मालकासकट दाखवणारं एलएस -एल करून पाहिलं, तर मालकाच्या रकान्यात नुसतं १००१. आणि फेडोरात केलेल्या तिच्या फायली उबुंटूत मामांच्या नावावर!

मग तिने ७७७ मारलं. त्या दिवशी सगळं चाललं. दुसऱ्या दिवशी नवी फाइल केली आणि पुन्हा तेच. फोल्डरचे ७७७ नव्या फाइलला मिळत नाहीत. तिथे यूमास्क (नव्या फाइलमधून कोणत्या परमिशन काढायच्या ते सांगणारी सेटिंग) चालतो, आणि तो ०२२ असो की ००२, ‘इतरांना’, म्हणजे मालक किंवा त्याच्या ग्रुपमध्ये नसलेल्यांना, लिहिता येत नाहीच. शिवाय साध्या फायलीसुद्धा एक्झिक्युटेबल, म्हणजे प्रोग्रामसारख्या चालवता येणाऱ्या झाल्या, आणि फायलींमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये अख्खा प्रोजेक्ट बदललेला दिसायला लागला.

धोका आहेच. होम फोल्डरवर (तुमच्या खात्याचं स्वतःचं फोल्डर) -आर लावून हे केलं तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर सुरक्षित लॉगिन करून देणारं एसएसएच तुमचीच खासगी की (लॉगिनची गुप्त फाइल) नाकारतं, आणि ते बरोबरच आहे. बाकी परमिशन कितीही कडक ठेवल्या तरी दुसऱ्या सिस्टीमचा रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, सगळं वाचू शकतो. खरंच गुप्त काही असेल तर एन्क्रिप्शनच, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारं रूप, हवं.

आम्ही ७७७ काढलं. ती लॉगआउट असताना फेडोरात रूटकडून खात्याचा नंबर बदलणारं युजरमॉड -यू १००१ चालवलं. होममधल्या फायलींचा मालक त्याने आपोआप बदलतो. डेटा पार्टिशनवरच्या (डिस्कचा वेगळा भाग) तिच्या १००० वाल्या फायलींचा मालक चाऊन कमांडने बदलला, मामांच्या हळदीच्या हिशेबाच्या तेवढ्या सोडून. दोघांना लागणाऱ्या फोल्डरसाठी दोन्हीकडे ३००० नंबरचा ग्रुप केला. फोल्डरला २७७० दिलं, म्हणजे आतली नवी फाइल त्याच ग्रुपची होते. वर सेटएफएसीएल कमांडने डिफॉल्ट एसीएल (नव्या फायलींना आपोआप लागणारी परमिशनची यादी) लावला, म्हणजे यूमास्क काहीही असला तरी ग्रुपला लिहिता येतं.

मग तिने त्या फोल्डरमध्ये नवी फाइल करून दोन्हीकडे नावांऐवजी नंबर दाखवणारं एलएस -एन चालवलं. दोन्हीकडे १००१ आणि ३०००.