खुलासा : अमेरिकेचं परमिट कॅनडात चालत नाही

‘अमेरिकेतलं कॅरी परमिट (पिस्तूल जवळ बाळगण्याचा परवाना) असेल तर गाडीतलं पिस्तूल घेऊन नायगाराच्या पलीकडे जाता येतं, नाक्यावर फक्त सांगायचं,’ हा फॉरवर्ड चुकीचा आहे. ते परमिट राज्याचं. अमेरिकेतलीच कित्येक राज्यं एकमेकांचं मानत नाहीत, कॅनडा कुठून मानणार? ऑगस्ट २०२२ पासून तर सामान्य प्रवाशाला तिथे पिस्तूल नेताच येत नाही. शिकारीची साधी रायफल मात्र नेता येते. फॉर्म भरायचा, सही सीमेवरच्या अधिकाऱ्यासमोरच करायची, २५ कॅनेडियन डॉलर भरायचे. तो फॉर्मच ६० दिवसांचा तात्पुरता परवाना. आणि हो, पर्समधला पेपर स्प्रेही घरीच ठेवा. माणसांवर वापरायचा स्प्रे तिथे बंदी असलेल्या शस्त्रांत मोडतो.