बढती झाली, पगार नायकाचाच!

विषय निघाला तो संत्याच्या भावावरून. भाऊ लष्करात. नायकाचा हवालदार होऊन बरेच महिने झाले, फीत दंडावर चढली, पण खात्यात अजून नायकाचाच पगार जमा होतोय. साताऱ्यात राजवाड्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर फौजेचा विषय निघाला की गप्प कुणी बसत नाही. अपशिंगे मिलिटरी असलेला जिल्हा हा, प्रत्येकाचा कुणी ना कुणी पलटणीत असतोच.

"सरळ ट्विट टाकायचं," बंड्या म्हणाला. "संरक्षणमंत्र्यांना टॅग करायचं. दोन दिवसांत पगार."

"आणि तिसऱ्या दिवशी साहेबासमोर पेशी," सुभेदार नाना म्हणाले. नाना क्लार्क म्हणून भरती झाले आणि सुभेदार होऊन पेन्शनीत आले. "आर्मी रूल २१ म्हणून एक चीज असते. नोकरीतल्या बाबी परवानगीशिवाय बाहेर छापायच्या नाहीत."

"मग २०१७ ला त्या जवानानं पातळ डाळीचा व्हिडिओ टाकला, त्यानं कसं हाललं सगळं?"

"हाललं, अन् त्याची नोकरीबी गेली. शिवाय तो बीएसएफचा. ते गृहखात्याकडं येतं, आमच्याकडं नाही."

"पण नाना, त्याच महिन्यात लष्करप्रमुख रावतसाहेबांनी जवानांच्या तक्रारींसाठी व्हॉट्सअ‍ॅप नंबर काढला की नाही?"

नानांनी चहाचा कप उगाच फिरवला. हा मुद्दा बंड्याचा, हे मला तरी मान्य करावं लागलं.

नाना मग मूळ मुद्द्यावर आले. जवान काश्मिरात असला तरी त्याच्या पगाराचं खातं त्याच्या रेजिमेंटच्या सेंटरला जोडलेल्या पे अकाउंट्स ऑफिसात, म्हणजे पीएओत. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावात, तोफखान्याचं नाशिकरोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. अफसरांचा पगार वेगळा, तो पुण्यातून निघतो. आणि पीएओ फौजेच्या हुकमतीत नाही, ते संरक्षण लेखा विभागाचं. "तिथल्या बाबूला तुझ्या भावाची फीत दिसत नाही. त्याला दिसते पलटणीनं काढलेली पार्ट टू ऑर्डर. बढती, सुट्टी, बदली, लग्न, पोर झालं, सगळं त्यातूनच कळतं. ऑर्डर पोचली नाही तर कागदावर तो नायकच. पोचली अन् तारीख जुळली नाही, किंवा आधीची एखादी नोंद राहिली असली, तर रिजेक्ट होऊन पलटणीत परत. तोवर तिथला क्लार्क सुट्टीवर, नाहीतर गडीच बदलून दुसरीकडं."

"म्हणजे करायचं काय?" संत्या.

"फौजेच्या हमराज अ‍ॅपवर पे स्लिप उघड म्हणावं. खालचा आकडा नंतर बघ, आधी रँक बघ. नायकाचं मूळ वेतन २५,५०० पासून, हवालदाराचं २९,२०० पासून. रँकच जुनी दिसत असली तर ऑर्डर अडकलीय, पलटणीच्या ऑफिसात जा. रँक नवी अन् पैसे जुने असले तर पीएओकडं चौकशी. ऑर्डरचा नंबर अन् तारीख घेतल्याशिवाय अर्ज लिहायचा नाही. नुसतं 'पगार कमी आला' म्हटलं की कागद फिरत बसतो."

इथं मास्तर तापले. "नाना, बढती तुम्ही द्यायची, फीत तुम्ही लावायची, आणि पगारासाठी पुन्हा त्यानंच नंबर शोधायचा? त्यानं पहारा द्यायचा का कारकुनी करायची?"

"मास्तर, तुमचं बरोबर. पण पैसे कुणाचे अडकलेत?"

हे उत्तर नव्हतंच. मास्तरांनी तसं सांगितलंही. नाना क्लार्कच्या खुर्चीतून बोलत होते. त्यांना एकेक कागद दिसतो, तो अडकला की घरचा हप्ता कसा थकतो ते कमी दिसतं.

"सगळं ऑनलाइन झालं की सुटेल," बंड्याचा पुढचा उपाय.

"पेन्शनीचं झालंय की ऑनलाइन, स्पर्श नावाच्या पोर्टलवर," नाना म्हणाले. "एप्रिल २०२२ ची पेन्शन हजारो लोकांची थांबली. का, तर वार्षिक ओळख पडताळणीची नोंद नाही. मग मंत्रालयानं एकवेळची सवलत देऊन पैसे सोडले."

दत्ता वकील इतका वेळ शेंगदाणे खात होते. त्यांना वेगळीच काळजी. "कमी आलेला पैसा एक वेळ परवडला, जास्त आलेला वाईट. सियाचिनचा भत्ता २०१७ ला जवानाला महिन्याला तीस हजार झाला. गडी खाली उतरला, ऑर्डर उशिरा गेली, भत्ता चालूच. पोरगं समजतं आपलेच पैसे, घराला स्लॅब टाकतं. मग एक दिवस डेबिट बॅलन्स, म्हणजे उलट त्याच्याच नावावर देणं, आणि पगार कापायला सुरुवात."

"कापू शकतात?" संत्या.

"आर्मी अ‍ॅक्टच्या कलम २५ नं कायद्यानं मंजूर असलेलीच कपात करता येते. रफिक मसीह खटल्यात २०१४ ला सुप्रीम कोर्टानं खालच्या वर्गाच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्तांकडून, पाच वर्षांवर चालू असलेल्या जादा रकमेची वसुली करू नका म्हटलंय. पण कालपरवाचा जादा भत्ता असेल तर त्याचा फायदा मिळेलच असं नाही. कमी पगाराबद्दल आधी कलम २६ खाली वरिष्ठांकडं तक्रार, तिथं दाद नाही लागली तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. मुंबईतही खंडपीठ आहे."

तेवढ्यात भावाचा फोन लागला. पे स्लिपवर रँक नायकच. नानांनी संत्याच्या हातातला फोन घेतला आणि पाच मिनिटं हिंदी-मराठी मिसळून झाडलं: रिजेक्शनचं कारण लेखी माग, नुसतं तोंडी 'हो जाएगा' नको.

"मिळेल तेव्हा थकबाकीवर व्याज?" संत्यानं विचारलं.

"आपणहून कोण देतंय," नाना म्हणाले.

"न्यायाधिकरणाच्या बऱ्याच निकालांत असतं," वकील म्हणाले. "दिलेल्या मुदतीत रक्कम दिली नाही, तर आठ टक्के."

"म्हणजे आधी केस जिंकायची," मास्तर बोटं मोजत म्हणाले, "मग सरकारनं आणखी उशीर करायचा, तेव्हा कुठं आठ टक्के."

"एफडीपेक्षा बरंच की," बंड्या म्हणाला, आणि चहाचे पैसे कुणाकडं यावरून नवा वाद सुरू झाला.