लग्नाला हँडब्रेक

आमचं लग्न २००७ सालचं. शूटिंगवाल्याने तीन डीव्हीडींचा संच दिला होता. कव्हरवर बदामात आम्ही दोघं, आणि मागे आजतागायत न पाहिलेल्या स्वित्झर्लंडचा बर्फ. आई त्याला अजून 'कॅसेट'च म्हणते. परवा तिने फर्मान काढलं, "ती कॅसेट पेनड्राइव्हवर घालून दे. रविवारी वन्सं येतायत."

हातात फक्त शनिवार. लॅपटॉपला डीव्हीडी घालायला तोंडच नाही, म्हणून मित्राचा एक्स्टर्नल ड्राइव्ह मागून आणला. डीव्हीडीवरचं चित्रण साध्या व्हिडिओ फाइलमध्ये बदलणारं, हँडब्रेक नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर उतरवलं. त्याचं चिन्ह अननस आणि शेजारी सरबताचा पेला. मला एकदम आमचा मांडवच आठवला. ज्याचं नावच हँडब्रेक, त्याच्याकडे वेग मागायला जाऊ नये, हे तेव्हा सुचलं नाही.

प्रीसेटच्या, म्हणजे तयार सेटिंगच्या, यादीत 'फास्ट' होतं, 'व्हेरी स्लो' होतं. आमच्या घरात मंद आचेवर केलेल्या पदार्थाला मान, म्हणून मी 'व्हेरी स्लो' घेतलं. मूळ चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. म्हटलं, एवढा खर्च केला होता, जरा थाटात दिसू दे! त्याची ५७६ची उंची ताणून १०८० केली आणि बटण दाबलं.

कोपऱ्यात आकडा उमटला : सेकंदाला ११ फ्रेम, म्हणजे ११ चित्रं. शूटिंग सेकंदाला २५ फ्रेमचं. म्हणजे आमचं लग्न मूळ वेगाच्या निम्म्याहून कमी वेगाने पुन्हा लागत होतं. साडेचार तासांच्या तीन डिस्कना सव्वादहा तास! गुरुजींनी मंगलाष्टकं आटोपती घेऊन वाचवलेला वेळ लॅपटॉप व्याजासकट वसूल करत होता. त्याचा पंखा मिक्सरसारखा ओरडत होता आणि पाठ इतकी तापली होती की थालीपीठ लागलं असतं.

शेवटी भाच्याला फोन केला. सेटिंग ऐकून तो थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "मामा, ताकाचं परत दूध होतं का? ५७६ आहे ते ५७६च ठेव." पुढचं त्याने लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. आधी डिस्कवरचं व्हिडिओ_टीएस फोल्डर, ज्यात सगळं चित्रण असतं, ते अख्खं हार्डडिस्कवर उतरवून घे. घरच्या डीव्हीडीला कुलूप नसतं, साधं कॉपी-पेस्ट चालतं. प्रीसेट 'फास्ट'. एन्कोडर (चित्रण दाबून लहान करणारा) हार्डवेअरचा निवड, म्हणजे सगळा भार प्रोसेसरवर न पडता ग्राफिक्सच्या चिपकडे जाईल. "आणि डीइंटरलेस कर, नाहीतर कंगवे दिसतील."

कंगवे मी तोवर पाहिलेच होते. अक्षता टाकणाऱ्या प्रत्येक हाताच्या कडेला बारीक दाते फुटले होते. जुन्या टीव्हीसाठी प्रत्येक फ्रेम एकाआड एक रेषांच्या दोन हप्त्यांत चित्रित होई. दोन हप्त्यांच्या मध्ये हात हलला की कंगवा; तो घालवणं म्हणजे डीइंटरलेस.

त्याने सांगितलं तसं केलं आणि आकडा १६०वर गेला. पहिली डिस्क पंधरा मिनिटांत उरकली. चार जीबीचं लग्न पाऊण जीबीत बसलं, तेही जेवणाच्या पंगतीसकट.

दुसरी डिस्क मात्र सप्तपदीपाशी अडली. ड्राइव्ह 'करर्र... टक्' करून तीच जागा पुन्हा पुन्हा वाचत बसला. तिच्यावर एक गोल ओरखडा. शेजारच्या काकांनी टूथपेस्ट चोळायला सांगितली. मी चोळली, तीही गोल गोल. (पुसायचं असतं ते मऊ फडक्याने, मधून कडेकडे सरळ. हे भाच्याने नंतर सांगितलं.) डिस्कला पुदिन्याचा वास आला, बाकी फरक शून्य. शेवटी वाचता न येणारा भाग सोडून पुढे जाणाऱ्या एका प्रोग्रामने ती कशीबशी उतरवली.

रविवारी आत्या आल्या. आईने पेनड्राइव्ह टीव्हीला लावला आणि दुसऱ्या मिनिटापासून दोघींचं सुरू झालं, "पुढे घे, पुढे घे, हे काय बघायचं!" सीमांतपूजन दहा सेकंदांत संपलं. ११ फ्रेमवालं ठेवलं असतं तरी यांनी ते तेवढ्यातच संपवलं असतं.

सप्तपदीला मात्र आत्यांनी हात वर करून थांबवलं. तांदळाच्या राशी, बायकोचं पाऊल. एक, दोन, तीन, चार, पाच... आणि चित्र टुणकन उडी मारून थेट सूनमुखाला.

"अगं बाई, दोन पावलं कुठे गेली?" आत्या.

स्वयंपाकघराच्या दारात बायको पोळपाट हातात घेऊन उभी होती. माझ्याकडे बघत म्हणाली, "तरीच!"